मीठ आत आलंच, आता ठेवायचं कुठे?

खारेपाटातल्या, म्हणजे रायगडच्या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, भाताला मीठ लागलं की पहिलं जातं ते खालचं, जुनं पान. शेंड्याकडून पांढुरकं होतं, कडांनी गुंडाळतं आणि काही दिवसांत सुतळीसारखं लोंबायला लागतं. त्याच रोपाचा मधला पोंगा, म्हणजे अजून न उलगडलेलं कोवळं पान, मात्र हिरवागार असतो. माझं आजोळ पेणच्या बाजूचं. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड गेली आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं की पुढचे आठ-दहा दिवस मामा रोज बांधावरून फिरायचा. वाळलेल्या पानांकडे तो बघायचाही नाही. वाकून पोंगा दोन बोटांत धरायचा, किंचित उकलून आत बघायचा आणि म्हणायचा, "पोंगा हिरवा हाय ना, मंग जगंल."

मामाची ती तपासणी अगदी नेमकी होती, हे मला फार उशिरा कळलं, वनस्पतींच्या पेशींबद्दल वाचायला लागल्यावर. मिठातलं सोडियम कुठे अडवायचं, कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे कोंडून ठेवायचं, याचा हिशेब रोपाची प्रत्येक पेशी सतत करत असते. जुनं पान वाळणं आणि पोंगा वाचणं हा त्याच हिशेबाचा, आपल्याला बाहेरून दिसणारा भाग.

मीठ रोपाला दोन प्रकारे मारतं. पहिला प्रकार स्वयंपाकघरात रोज दिसतो. काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की थोड्या वेळात तिला पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त झालं म्हणून पेशीतलं पाणी बाहेर ओढलं गेलं. शाळेच्या पुस्तकातलं परासरण ते हेच. खाऱ्या जमिनीत मुळांवर हीच पाळी येते. शेतात घोटाभर पाणी उभं असतं आणि रोप तहानलेलं असतं. हा मार मीठ लागल्यावर लगेच, काही मिनिटांत बसायला लागतो आणि रोपाची वाढ मंदावते. दुसरा मार खास सोडियमचा. तो सावकाश येतो. सोडियम पानात साठत साठत एका पातळीच्या वर गेलं की मग पान मरायला लागतं, आणि त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. मामा ज्या आठ-दहा दिवसांत फेऱ्या मारायचा, ते दिवस या दुसऱ्या माराचे.

सोडियम आत आलं तर बिघडतं काय? त्यासाठी आधी पोटॅशियमची ओळख हवी. शेतकरी खताच्या गोणीवर ज्याला पालाश म्हणतो, त्यातलं हे मूलद्रव्य. पेशीतल्या पन्नासहून जास्त विकरांना, म्हणजे रासायनिक कामं उरकणाऱ्या प्रथिनांना, पोटॅशियम लागतं. नवी प्रथिनं घडवण्याचं कामही त्याच्यावाचून अडतं. सोडियम आणि पोटॅशियम एकाच घराण्यातली. दोघांच्या आयनांवर, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंवर, एकेक धनप्रभार, वागणं बरंचसं सारखं. त्यामुळे सोडियम वाढलं की ते पोटॅशियमच्या जागा अडवून बसतं आणि काम मात्र करत नाही. म्हणून पेशीद्रव्यात, जिथे ही सगळी कामं चालतात तिथे, पोटॅशियम लिटरमागे १०० मिलिमोलच्या (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं माप) आसपास आणि सोडियम त्याच्या बरंच खाली, साधारण १० ते ३० मिलिमोल असावं लागतं. समुद्राच्या पाण्यात सोडियम ४७० मिलिमोलच्या घरात असतं.

आता खरी अडचण. पेशीपटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते, साधारण १२० मिलिव्होल्टने, कधी त्याहूनही जास्त. सोडियमवर धनप्रभार, त्यामुळे ते आपसूक आत ओढलं जातं. दर ६० मिलिव्होल्टला दहापट असा याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे १२० ला शंभरपट. पेशीने काहीच केलं नाही, तर आतलं सोडियम बाहेरच्या शंभरपट होईपर्यंत तो ओघ थांबायचं नाव घेणार नाही. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिलो. खाऱ्या शेतात उभं असलेलं हिरवं रोप त्यानंतर मला पूर्वीसारखं साधं दिसलं नाही. आणि पेशीला हा विजेचा दाब सोडूनही देता येत नाही, कारण त्याच दाबाच्या जोरावर ती जमिनीतलं पोटॅशियम आणि बाकीचं पोषण आत घेते.

सोडियम शिरतं ते पेशीपटलातल्या आयनवाहिन्यांमधून. ही प्रथिनांची बनलेली सूक्ष्म भोकं. त्यातल्या काही चोखंदळ असतात, फक्त पोटॅशियमलाच वाट देतात. काहींना मात्र सोडियम-पोटॅशियम असा फरक फारसा कळत नाही. बाहेर कॅल्शियम भरपूर असलं तर या दुसऱ्या जातीच्या वाहिन्या बऱ्याच अंशी मिटलेल्या राहतात. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट, झालेल्या जमिनीला जिप्सम घालतात, ते मुख्यतः मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सुटून निचऱ्यावाटे निघून जावं म्हणून. त्या जिप्समधलं कॅल्शियम मुळांच्या दारावरही असं कामाला येतं.

मुळाने किती सोडियम अडवायला हवं? रोप जेवढं पाणी अंगात ठेवतं, त्याच्या पन्नासेक पट पाणी ते पानांतून हवेत सोडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पेणला किंवा भाईंदरला ज्याने मिठागरं पाहिली आहेत, त्याला यापुढचं सांगायला नको: वाऱ्या-उन्हात प्रत्येक पान हे एक छोटं मिठागरच होऊ शकतं. पानातलं मीठ जमिनीतल्या पाण्याइतकंच राहावं, एवढीच माफक अपेक्षा धरली, तरी मुळांनी सुमारे ९८ टक्के मीठ बाहेरच थोपवलं पाहिजे. बहुतेक पिकं हे करतात. मुळाच्या आतल्या एका थरात पेशींमधल्या फटी लाकडासारख्या कडक, पाणी न झिरपणाऱ्या पट्टीने बुजवलेल्या असतात. त्यामुळे पाण्याला आणि मिठाला फटीतून पुढे सटकता येत नाही, कुठल्या ना कुठल्या पेशीच्या आतून, तिच्या तपासणीतूनच जावं लागतं. भाताचं दुखणं असं की त्याच्या मुळांत ही बंदिस्ती कच्ची असते आणि बरंच मीठ फटींतूनच वर निसटतं. मातीच्या पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता (पाण्यात मीठ जास्त तितकी ती जास्त), मीटरला ३ डेसिसीमनच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटायला लागतं, पुढे दर एका डेसिसीमनला सुमारे १२ टक्के. जव हे पीक ८ पर्यंत तग धरतं.

एवढं करूनही थोडं सोडियम पेशीत शिरतंच. इथून पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू आणि त्यांचे सहकारी ॲरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या बारीक रोपावर काम करत होते. त्यांची चाचणी इतकी साधी की शाळेतल्या पोरांनाही समजावी. पारदर्शक तबकडीत घट्ट खळीसारख्या माध्यमावर बी रुजवायचं आणि तबकडी उभी ठेवायची. मुळं सरळ खाली वाढतात. मग ती रोपं खाऱ्या माध्यमावर ठेवायची आणि तबकडी उलटी करायची. आता मुळाचं टोक वर. ज्या मुळाची वाढ चालू आहे ते वळतं, आकड्यासारखा बाक घेतं आणि पुन्हा खाली जायला लागतं. ज्याला मीठ सोसलं नाही ते जिथल्या तिथे थांबतं, बाक नाही, काही नाही. जनुकं बिघडवलेल्या हजारो रोपांमधून त्यांनी असा बाक न घेणारी वेचून काढली. या रोपांना नाव दिलं 'सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह', मिठाला अति हळवी. आद्याक्षरं एसओएस, योगायोग असा की संकटातल्या जहाजाची हाकही तीच.

या हळव्या रोपांत नेमकं काय बिघडलंय हे शोधताना निरोग्या रोपाची यंत्रणा हाती लागली. तीन प्रथिनांची ती साखळी आहे. मीठ लागलं की काही सेकंदांत पेशीद्रव्यातलं कॅल्शियम एकदम वाढतं. ही झाली हाक. एसओएस-३ हे प्रथिन ती हाक ऐकतं: कॅल्शियम त्याला चिकटतं, त्याचा आकार बदलतो आणि ते एसओएस-२ ला जाऊन धरतं. एसओएस-२ जागं होतं आणि पेशीपटलात बसलेल्या एसओएस-१ ला फॉस्फेटचा एक गट जोडतं. तेवढ्याने एसओएस-१ कामाला लागतं आणि सोडियम बाहेर ढकलायला सुरुवात करतं. पण कॅल्शियमची हाक मुळात उठते कशी, याचा एक धागा बऱ्याच उशिरा, २०१९ साली ॲरॅबिडोप्सिसमध्येच सापडला. पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला काही विशिष्ट मेदरेणू असतात, ऋणप्रभार असलेले. सोडियम त्यांना चिकटतं आणि त्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात.

शंभरपट ओढीच्या विरुद्ध सोडियम बाहेर ढकलायचं तर जोर आणायचा कुठून? जुन्या आडावर कप्पीला दोर आणि दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या असायच्या. एक खाली जाताना दुसरी वर यायची. एसओएस-१ अगदी तसं आहे. एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा आयन, उतारावरून आत येतो आणि त्या ओढीवर सोडियमचा एक आयन चढावर, बाहेर जातो. प्रोटॉनना आत यायची घाई का? कारण पेशीपटलातला दुसरा एक पंप दिवसरात्र प्रोटॉन बाहेर फेकून तो उतार टिकवून धरतो, आणि या पंपाला एटीपी लागतं. एटीपी म्हणजे पेशीतलं रोख चलन, खाल्लेल्या साखरेतून मिळवलेलं. म्हणजे प्रत्येक सोडियम बाहेर घालवण्याची किंमत शेवटी पानाने उन्हात बनवलेल्या साखरेतून वसूल होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेर घालवलेलं सोडियम जातं कुठे? मुळाच्या बाहेरच्या पेशीने ते मातीत टाकलं तर ठीक. पानातल्या पेशीने बाहेर टाकलं तर ते शेजारच्या पेशीच्या दाराशी. म्हणून पानाला दुसरा मार्ग हवा, आणि तो पेशीच्या आतच आहे. वाढ पूर्ण झालेल्या पेशीचा ८० ते ९० टक्के भाग एकाच मोठ्या पिशवीने व्यापलेला असतो. आपल्या पुस्तकांत तिला रिक्तिका म्हणतात. मला हे नाव तिच्यावर अन्याय करणारं वाटतं, कारण ती रिकामी कधीच नसते. कोकणातल्या घरात भाताची कणगी असते, तशी ही पेशीची कणगी. तिच्या भिंतीत एनएचएक्स नावाची प्रथिनं असतात. तीही दोन बादल्यांच्याच तत्त्वावर चालतात: कणगीतला प्रोटॉन बाहेर, पेशीद्रव्यातलं सोडियम कणगीत. पेशीद्रव्यातली नाजूक विकरं तिथे नाहीत, त्यामुळे बिघडायचं फारसं काही नाही.

उलट कोंडलेलं सोडियम तिथे उपयोगी पडतं. काकडीचा प्रसंग आठवा. पाणी मिठाच्या मागे जातं. कणगीत मीठ साठवलं की जमीन खारी असली तरी पाणी पेशीत यायला लागतं. ज्या सोडियमने दुसरा मार बसायचा, तेच पहिल्या मारावर उतारा होतं. फक्त मधल्या पेशीद्रव्याचं पाणी कणगीने ओढून घेऊ नये, म्हणून पेशी तिथे प्रोलिनसारखे निरुपद्रवी रेणू तयार करून तोल राखते. ते घडवायला सोडियम आत घेण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते, पण पेशीद्रव्याची जागा थोडी असते, त्यामुळे थोडक्यात भागतं. कणगी गळती असून मात्र चालत नाही. आत टाकलेलं सोडियम तिच्या भिंतीतल्या भोकांतून परत येत राहिलं तर पंपाची मेहनत पाण्यात.

मुळात अडवणं, बाहेर ढकलणं, कणगीत कोंडणं या तिन्हींच्या जोडीला चौथी एक चौकी आहे, आणि भातासाठी तीच बहुधा सगळ्यात मोलाची. मुळाकडून पानाकडे पाणी नेणाऱ्या जलवाहिन्यांना लागून जिवंत पेशी असतात. वर चाललेल्या पाण्यातलं सोडियम त्या वेचून आपल्याकडे घेतात, म्हणजे पानापर्यंत पोचणारं पाणी गाळून जातं. हे करणाऱ्या प्रथिनाचं कुळ एचकेटी. २००५ साली चिनी शास्त्रज्ञांनी या कुळातलं एक जनुक भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर नेमकं शोधून काढलं. त्यासाठी त्यांनी मिठाला दबणारा जपानी कोशिहिकारी भात आणि बंगालचा नोना बोक्रा यांचा संकर वापरला होता. बंगालीत 'नोना' म्हणजे खारट. म्हणजे सुंदरबनाकडच्या शेतकऱ्यांनी त्या भाताचा गुण पिढ्यानपिढ्या आधीच ओळखून नावात घातला होता. दोन्ही वाणांच्या या प्रथिनात फरक अवघ्या चार अमिनो आम्लांचा. केरळच्या पोक्काळी भातातही गुणसूत्राचा हाच भाग महत्त्वाचा ठरला. ऑस्ट्रेलियात एका जुन्या, जवळजवळ विसरलेल्या गव्हातून याच कुळातलं जनुक साध्या संकराने बन्सी जातीच्या गव्हात आणलं, आणि २०१२ साली जाहीर झालेल्या निकालांत खाऱ्या शेतात उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलं.

आता मामाच्या पोंग्याकडे येऊ. सगळ्या चौक्या चुकवून जे सोडियम पानात पोचतं, ते पाण्याच्या ओघाबरोबर पोचतं. जुनं पान जास्त दिवस पाणी उडवत आलेलं असतं, म्हणून त्याच्यात सोडियम जास्त. पोंगा अजून मिटलेला, त्यातून पाणी फारसं उडत नाही. त्याला अन्न मिळतं ते मुख्यतः रसवाहिन्यांमधून, आणि त्या रसात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. जुन्या पानात गेलेलं सोडियम परत फिरून पोंग्यात फारसं येत नाही. त्या पानाच्या कणग्या भरल्या की सोडियम पेशीद्रव्यात सांडतं आणि पान जातं. जुनी पानं मरण्याचा वेग नवी पानं येण्याच्या वेगापेक्षा कमी राहिला, तर रोप जगतं आणि पोटरीवर येतं. हा वेग उलटला की संपलं. मामा पोंगा उकलून या दोन वेगांची शर्यतच बघत होता.

ज्यांचं आयुष्यच खाऱ्यात गेलं अशा झाडांनी याच्यापुढची मजल मारली आहे. खाडीकाठच्या तिवराची मुळं बहुतेक मीठ अडवतातच, वर पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी दुपारी तिवराचं पान उन्हात तिरकं धरा. बारीक साखर भुरभुरावी तसे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावलं की खारट. किनाऱ्यावरची मोरस वेगळ्या वाटेने जाते: मीठ बाहेर टाकायच्या भानगडीत न पडता मांसल पानांच्या फुगीर पेशींत कोंडून ठेवते. म्हणून मोरसाची भाजी करणाऱ्या बायका वरून मीठ घालताना हात आखडता घेतात.

मग भाताला तिवराची किंवा मोरसाची युक्ती शिकवता येईल का? १९९९ साली एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटाने ॲरॅबिडोप्सिसमध्ये एनएचएक्सचं प्रमाण वाढवून पाहिलं. २००१ साली तोच प्रयोग टोमॅटोवर झाला. लिटरला २०० मिलिमोल, म्हणजे जवळजवळ १२ ग्रॅम मिठाच्या पाण्यावर ती झाडं वाढली, फळली, आणि मीठ पानांत राहिलं, फळांत फारसं उतरलं नाही. बातमी मोठी झाली. पण हरितगृहातलं यश शेतावर तसंच्या तसं उतरलं नाही, आणि माझ्या मते कारण वरच्या हिशेबातच आहे. नुसती कणगी मोठी करून भागत नाही. तिची गळती थांबायला हवी, मुळाची बंदिस्ती हवी, जलवाहिनीवरची चौकी हवी, आणि या सगळ्यांना पुरेल एवढी साखर पानांत बनायला हवी. पंपांवर खर्चलेली साखर दाण्यात जात नाही. काळा राता, भुरा राता हे रायगडकडचे जुने वाण किंवा गोव्याच्या खाजनातला, म्हणजे तिथल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, कोरगुट खाऱ्यात उभे राहतात, पण उत्पन्न बेताचं देतात. याचं मोठं कारण मला हे वाटतं. त्यांना कमी प्रतीचे वाण म्हणणं मला पटत नाही; ते आपली कमाई वेगळ्या ठिकाणी खर्च करतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, २, ३ हे वाण म्हणजे त्या दोन्ही खर्चांचा मेळ घालण्याचा प्रयत्न.

या पंपांचं काम हलकं करायची एक सोय खारेपाटाकडे पूर्वीपासून आहे, ती म्हणजे पाऊस. भात सर्वांत नाजूक असतो तो दोन-तीन पानांचा असताना आणि पुढे फुलोऱ्यात. म्हणून आधी दोन-चार दणदणीत सरींनी शेत धुऊन निघू द्यायचं, खारट पाणी ओहोटीला उघाडीवाटे, म्हणजे बांधातल्या उघडझाप करता येणाऱ्या दारातून, खाडीत सोडायचं, मग जरा निबर रोपं लावायची. खांड गेल्यावरही हेच. मामा पोंगे बघून झाले की उघाडीकडे जायचा, आणि पाऊस लागला असेल तर ओहोटी संपेपर्यंत तिथेच बसून राहायचा. शेतातलं गढूळ पाणी खाडीत पडत असायचं. मधूनच तो त्यात हात घालून बोट चाटायचा. चव पुरेशी उतरली की उठायचा, आणि भरती लागायच्या आत उघाडी लावून घरी यायचा.